दमलेलं मन आणि पाकीट

१९९८ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी एक प्रयोग केला. खोलीत ताज्या भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांचा घमघमाट, आणि काहींना हुकूम मात्र कच्चे मुळे खाण्याचा! त्यानंतर दिलं न सुटणारं कोडं. बिस्किटवाले सुमारे १९ मिनिटं झटले. मुळेवाल्यांनी आठेक मिनिटांतच हात टेकले. संयम वापरला की आटतो, असं त्यावरून ठरलं. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी हीच कल्पना वेगळ्या कसोटीवर तपासली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला.

मग विचार करायला त्राण न उरलेला माणूस इतरांशी सहकार्यही कमी करतो का? तिथे तर भलतंच. २०१२ च्या एका अभ्यासात सामाईक वर्गणीत चटकन निर्णय घेणाऱ्यांनी विचार करत बसणाऱ्यांपेक्षा जास्त पैसे टाकले. हाही निष्कर्ष पुढच्या फेरतपासणीत डळमळला. तेव्हा दमलेला माणूस स्वार्थी होतो, असं म्हणायची घाई नको.

खरेदीची गोष्ट थोडी निराळी. शेतकऱ्याला रास्त भाव देणारी कॉफी महाग असते, शिवाय पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. कामावरून थेट दुकानात शिरलेल्याच्या ते जिवावर येतं. माझ्या मते, यादी सकाळीच करून ठेवलेली बरी.