बातमी कुणाच्या वावरात पिकते?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



वेचणीचा खाडा करून आपण इथे आलात. आज भावाबद्दल बोलायचे नाही. भाव पाडण्याआधी जे पाडले जाते, त्या बातमीबद्दल बोलायचे आहे.

यवतमाळ जिल्ह्यातली भांबराजा आणि अंतरगाव ही दोन गावे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. 2008 साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त या गावांवर पानभर मजकूर आला. बीटी कपाशीने इथे सोने पिकले, इथे एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केलेली नाही, असा त्याचा सूर होता. पत्रकारांचा दौरा बियाणे कंपनीनेच घडवलेला होता. मग 2011 च्या ऑगस्टमध्ये तोच मजकूर जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा छापून आला, पण या वेळी जाहिरात म्हणून. त्याच महिन्यात जैवतंत्रज्ञान नियामक प्राधिकरणाचे विधेयक संसदेत येऊ घातले होते, ते आले नाही. बातमीची जाहिरात झाली हे सांगणारी ओळ इतक्या बारीक टायपात होती की चष्मा लावूनही नजर चुकावी.

2012 च्या मार्चमध्ये संसदेची शेतीविषयक स्थायी समिती भांबराजाला आली. गावकऱ्यांनी खासदारांना तोंडावर सांगितले की गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. कुणी जमीन पडीक टाकली, कुणी कपाशी सोडून सोयाबीन धरले. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त हे सगळे मांडले. त्यांच्या वृत्तपत्राला चौदांपैकी नऊ आत्महत्यांची खात्री करता आली. त्या 2003 ते 2009 या काळातल्या होत्या. म्हणजे 2008 साली पानभर सोने छापले गेले, तेव्हाही त्या गावात विधवा होत्या. त्यांच्या दारात कुणी गेले नाही.

आता कुणी म्हणेल, संघटना बीटीच्या विरोधात गेली की काय? तसे अजिबात नाही. बियाणे चांगले की वाईट, लावायचे की नाही, हे आम्ही आमच्या वावरात ठरवू. ते ठरवायचे स्वातंत्र्य सरकारलाही देणार नाही आणि कंपनीलाही देणार नाही. पण ठरवायला खरी माहिती लागते. थैलीवर छापलेली उगवणशक्ती खोटी निघाली तर तक्रार करता येते, पंचनामा होतो. बातमी खोटी निघाली तर पंचनामा कोण करणार?

हे असे का होते, ते समजून घेऊ. पत्रकार सगळे विकले गेले म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि ते खरेही नाही. भांबराजाची दुसरी बाजू लिहिणारा माणूसही पत्रकारच होता. प्रश्न वावर कुणाचे, हा आहे. चार-पाच रुपयांना तुमच्या हातात पडणाऱ्या अंकाचा कागदसुद्धा त्या पैशात येत नाही. उरलेला खर्च जाहिरात भरते. म्हणजे वाचक हा गिऱ्हाईक नाहीच. वाचक हा माल आहे, तो जाहिरातदाराला विकला जातो. आपल्या सरकीसारखी आपली गत.

2005 पासून यात एक नवी बटई निघाली. 'टाइम्स' समूहाने कंपन्यांना जाहिराती द्यायच्या आणि मोबदल्यात रोख न घेता त्या कंपनीचे शेअर घ्यायचे, असा धंदा सुरू केला. ज्या कंपनीत मालकाचा वाटा, तिच्या तोट्याची बातमी त्याच्या नोकराने कशी लिहायची? पुढे 2014 साली नेटवर्क-18 हा वाहिन्यांचा समूह रिलायन्सकडे गेला. 2022 च्या डिसेंबरात एनडीटीव्हीचा ताबा अदानी समूहाकडे गेला. वीज, बंदर, तेल, गोदाम ज्याचे, पडदाही त्याचाच.

2009 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रात काय झाले ते आपण पाहिलेच आहे. एकाच नेत्याचे कौतुक, शब्दही तेच, वेगवेगळ्या दैनिकांत! भारतीय वृत्तपत्र परिषदेने या विकत घेतलेल्या बातम्यांच्या चौकशीसाठी दोघांची उपसमिती नेमली. तिने नावानिशी 71 पानांचा अहवाल दिला. 2010 साली परिषदेने तो बाजूला ठेवून थोडक्यातला, नावे गाळलेला अहवाल काढला. माहिती आयोगाने बडगा दाखवल्यावर 2011 मध्ये मूळ अहवाल बाहेर आला. दुसऱ्याचे घोटाळे उघडे पाडणाऱ्यांचा घोटाळा उघडा पाडायला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लागला.

मग यावर सरकारने कायदा करावा का? झाला होता. पाने किती आणि किंमत किती हे ठरवणारा कायदा 1956 साली आला. हेतू असा की मोठ्या भांडवलाने छोट्यांना गिळू नये. त्याविरुद्ध पुण्याचा 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1961 साली जिंकला. आम्हाला विचाराल तर बरेच झाले. पानाला कात्री लावायचा अधिकार एकदा मंत्रालयात गेला की पहिली कात्री आपल्याच आंदोलनाच्या बातमीला लागते. कापूस एकाधिकार खरेदीचा अनुभव काय कमी आहे? मात्र उद्योगसमूहाचा वाहिनीत किती वाटा, हे उघड छापायला काय हरकत होती? उद्योगसमूहांना या धंद्यात आवर घालावा, अशी शिफारस दूरसंचार नियामकाने 2014 मध्ये केली. ती धूळ खात पडली आहे.

तालुक्याची गोष्ट सांगतो. एका जिनिंगवर क्विंटलमागे दोन किलो कपात चालली होती. आम्ही वजनाच्या पावत्या घेऊन वार्ताहराकडे गेलो. पोरगा चांगला. दोन दिवस काट्यावर उभा राहिला, हिशेब मांडला, बातमी पाठवली. छापली नाही. पुढच्या आठवड्यात त्याच पानावर त्या जिनिंगची दिवाळीची शुभेच्छा, पाव पान. ती जाहिरात आणली कुणी? त्यानेच. त्याला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन आहे. आम्ही त्याला बोल लावायला गेलो. त्याने बातमीची प्रत पुढे ठेवली आणि म्हणाला, "लिहायचे ते मी लिहिले, दादा." त्या दिवशी आम्हालाच मान खाली घालावी लागली.

त्याचे कर्तव्य त्याने केले. आपले? नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे नावाच्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 1910 साली 'दीनमित्र' काढला, पुढे तरवडीहून पन्नासच्या वर वर्षे चालवला. ना वीज, ना सडक. मागे वर्गणीदार शेतकरी होते म्हणून चालला. आज आपल्यातले किती जण या चार पानांची वर्गणी वेळेवर भरतात, हे मंचावर बसलेल्या खजिनदारांना विचारा.

तेव्हा गावोगावच्या शाखांनी यंदा एवढे करावे. वजनात कपात, बोगस बियाणे, फवारणीची विषबाधा, आत्महत्या, जे घडेल ते तारीख, पावती, सात-बारा आणि घरच्यांच्या संमतीसह वहीत लिहावे. फुगवून एक आकडाही लिहू नये. त्याची एक प्रत तालुक्याच्या वार्ताहराला द्यावी, एक जिल्हा कार्यालयाला. तिकडे नाही छापले तर इथे छापू, आणि ज्याने लिहिले त्याचे नाव त्याने सांगितले तरच छापू.

वह्या मंचाच्या डाव्या बाजूला ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येक शाखेने एक न्यावी.