डोंगर पाहून विद्यापीठ निवडावं का?



पुढचं शिक्षण कुठं घ्यायचं हा प्रश्न आपल्या घरांत साधारण तीन गोष्टींवर सुटतो. मार्क किती पडले, फी किती आहे आणि शिकून झाल्यावर नोकरी लागेल का. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांना बाजूला सारा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण चौथ्या गोष्टीकडे आपण फारसं बघत नाही, आणि ती म्हणजे विद्यापीठ उभं आहे ती जागा. आज मी या चौथ्या गोष्टीचा सगळ्यात अवघड नमुना तुमच्यासमोर मांडतो. समजा, एखाद्या मुलीनं किंवा मुलानं सांगितलं की मला बर्फाच्या डोंगरांजवळचंच विद्यापीठ हवं आहे. घरातले म्हणतील, हे शिकायला चाललेत की फिरायला? माझं म्हणणं असं, की ही मागणी शहाणपणाची ठरू शकते. अट एवढीच, की त्या विद्यापीठानं आपल्या डोंगराशी अभ्यासाचं नातं जोडलेलं असलं पाहिजे. मनमाडच्या मुलांना हा विचार दूरचा वाटायचं कारण नाही. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस आणि नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस, दोन्ही आपल्या मनमाड जंक्शनवर थांबतात.

नातं म्हणजे काय, ते फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरावरून चांगलं कळतं. आल्प्सच्या कुशीतलं हे शहर स्वतः सपाट आहे आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर, म्हणजे आपल्या मनमाडपेक्षाही खाली आहे. 1869 साली शहराजवळच्या लान्से गावात आरिस्तिद बेर्जेस या कागद कारखानदारानं सुमारे दोनशे मीटर उंचीवरून नळातून पाणी खाली आणलं आणि त्या जोरावर लाकडाचा लगदा करणारी यंत्रं फिरवली. डोंगरावरचं बर्फ वितळून येणारं हे पाणी म्हणजे पांढरा कोळसा, असं तो म्हणायचा. पुढं त्याच पाण्यावर वीज तयार होऊ लागली, विजेला इंजिनिअर लागले, आणि 1900च्या सुमारास ग्रनोबलच्या विद्यापीठात विद्युत-तंत्राची संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लुई नेएल हा भौतिकशास्त्रज्ञ तिथं आला, त्यानं चुंबकत्वाच्या संशोधनाचं मोठं केंद्र उभारलं आणि 1970 साली त्याला नोबेल मिळालं. 1968चं हिवाळी ऑलिम्पिकही याच शहरात झालं. शनिवारी स्की पायात अडकवून उतारावर जाणारा तिथला विद्यार्थी सोमवारी ज्या प्रयोगशाळेत बसतो, तिचा उगमही त्याच उतारावरच्या पाण्यात सापडतो. अशा ठिकाणी डोंगर पाहून विद्यापीठ निवडलं, तर त्या निवडीला उनाडपणा कसं म्हणायचं?

हे युरोपचं झालं, आपल्याकडे काय, असं तुम्ही विचाराल. गढवालमधल्या श्रीनगरचं हेमवतीनंदन बहुगुणा विद्यापीठ 1973 साली स्थापन झालं, तेही डोंगरातल्या लोकांनी त्यासाठी आंदोलन केल्यावर. अलकनंदेच्या काठी ते ज्या उंचीवर आहे, ती मनमाडच्या उंचीच्या आसपासचीच. मात्र त्याच्या उच्चपर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राचं क्षेत्र तुंगनाथपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरच्या वर पोचतं. डेहराडूनला वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था आहे. आणि 2009 साली सुरू झालेलं मंडीचं आयआयटी मला फार महत्त्वाचं वाटतं. उहल नदीच्या खोऱ्यातल्या या संस्थेला दरडी काही पुस्तकात शोधाव्या लागत नाहीत. ऑगस्ट 2017 मध्ये मंडी जिल्ह्यातल्या कोटरोपी इथं दरड कोसळली, हिमाचल परिवहनच्या दोन बस तिच्याखाली सापडल्या आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. आयआयटीच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी जमिनीची हालचाल टिपून आधीच इशारा देणारी कमी खर्चाची यंत्रणा तयार केली आणि ती कोटरोपीसारख्या ठिकाणी बसवली. आता आपल्या महाराष्ट्रातल्या दरडी बघा. 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. आपला सह्याद्री दर काही पावसाळ्यांनी एक गाव पोटात घेतो. मंडीत चार वर्षं दरडींच्या शेजारी राहून शिकलेला मराठी मुलगा किंवा मुलगी परत आली, तर तिच्या ज्ञानाला इथं किती काम आहे! म्हणून डोंगराजवळचं विद्यापीठ निवडताना मी एकच कसोटी लावीन: या संस्थेनं आपल्या डोंगराचं काय केलं? माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर बर्फाच्छादित शिखर छापण्यापलीकडे काही केलं नसेल, तर ते शिखर सुट्टीत जाऊन बघावं. प्रवेश दुसरीकडे घ्यावा.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो आणि तो वजनदार आहे. स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ आहे, हे परदेशातल्या उतारांपुरतं बरंचसं खरं आहे; दिवसाचा पास, भाड्याची साधनं, गरम कपडे यांतच महिन्याचा खर्च निघून जातो. पण डोंगराजवळच्या विद्यापीठात शिकायचं म्हणजे स्कीइंग केलंच पाहिजे असं नाही, आणि करायचंच असेल तर आपल्याकडे सरकारी वाट आहे. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेत आणि गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत शिकवणी, साधनं आणि राहणं एका ठरलेल्या फीमध्ये होतं. मनालीजवळच्या गावातली आंचल ठाकूर 2018 साली आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेत पदक मिळवणारी पहिली भारतीय ठरली. गुलमर्गचा आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. दोघांनाही हा खेळ घराजवळच्या बर्फानं दिला. परदेशाबद्दल बोलायचं, तर ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकसारख्या सार्वजनिक विद्यापीठाची फी अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाच्या फीच्या मानानं फार कमी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीशी बांधलेली असल्यानं डोंगर बघण्याआधी ती यादी बघावी लागेल. पैशाचा आक्षेप एवढं नक्की सांगतो, की निवड हिशेबानं करावी. डोंगराचा विचारच करू नये, असं तो सांगत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त आवडतो, कारण तो आपल्या मातीतून येतो. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक 2012 साली एव्हरेस्टवर पोचले. त्याआधी 1998 साली सुरेंद्र चव्हाण पोचले होते. यातलं कुणी बर्फात वाढलं नव्हतं. ही माणसं सह्याद्रीच्या कड्यांवर घडली. मग बर्फाशेजारचं विद्यापीठ कशाला हवं? उत्तर असं, की शिखर चढणं ही मोहीम आहे. तिला तयारीची वर्षं लागतात, पण ती तयारी कुठंही राहून करता येते. डोंगर ओळखण्याचं तसं नाही. कुठला झरा मार्चमध्ये आटतो, कुठल्या उतारावर भेगा पडतात, पहिलं बर्फ उशिरा आलं तर सफरचंदाच्या बागेचं काय होतं, हे महिनाभराच्या अभ्यासक्रमात कळत नाही. त्यासाठी तिथले चारही ऋतू पुन्हा पुन्हा पाहावे लागतात, आणि आयुष्यात इतका काळ एका परक्या जागी राहण्याची मुभा विद्यार्थीदशेतच मिळते.

आता राहण्याबद्दल. प्रवेश मिळाला की प्रश्न सुटला असं घरच्यांना वाटतं. खरं तर तो तिथून सुरू होतो. उंचीवर गेल्यावर शरीर काय करतं, ते पाहा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश उरतो. पहिल्या काही तासांतच श्वास जलद होतो. रक्तातलं आम्ल-अल्क यांचं बिघडलेलं गणित मूत्रपिंडं सावरतात, त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. म्हणून तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये आणि मधूनमधून एक दिवस थांबावं, असा नियम आहे. तरुण, धडधाकट माणूस हा नियम मोडतो तेव्हा त्यालाही डोकेदुखी, उलट्या आणि त्यापुढचे धोके गाठू शकतात. विद्यापीठाची गावं सहसा इतकी उंच नसतात, पण नव्या जागी मन रुळण्याचा क्रम मला असाच दिसतो: काही बदल तासांत, काही दिवसांत, आणि खोलवरचे बदल महिन्यांत. पहिल्या सत्रात करमलं नाही म्हणून निवड चुकली असा निष्कर्ष काढणं म्हणजे तांबड्या पेशी वाढायच्या आत खाली उतरणं. प्रकाशाचाही विचार करा. डिसेंबरमध्ये मनमाडला सुमारे अकरा तास दिवस असतो, इन्सब्रुकला साडेआठ. दोन्ही गावांची उंची जवळपास सारखी, पण अक्षांशानं अडीच तासांचं ऊन काढून घेतलं. हिवाळ्यातल्या या उदासीला नॉर्मन रोझेन्थल या मानसोपचारतज्ज्ञानं 1984 साली आजार म्हणून नाव दिलं. तो स्वतः दक्षिण आफ्रिकेच्या उन्हातून अमेरिकेत गेलेला होता. तेव्हा नोव्हेंबर-डिसेंबरात मन खचलं, तर त्यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधू नका. दुपारी बाहेर पडा, आणि तरी उदासी उतरली नाही तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. तिथं जाण्यात कमीपणा नाही.

रुळणं म्हणजे निमूट सोसणं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यासाठी मी मनमाडकरांना परिचित अशा माणसाचं उदाहरण देतो. फेब्रुवारी 1938 मध्ये याच गावात जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषण केलं. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, जुलै 1913 मध्ये, ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोचले होते. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल वसतिगृहात ते प्रथम राहिले. तिथलं जेवण मानवेना, तेव्हा ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, आणि मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. ती मैत्री आयुष्यभर टिकली. 1915 साली त्यांनी एम.ए. पूर्ण केलं. ज्यांच्या सहनशक्तीबद्दल कुणाला शंका घेता येणार नाही, त्यांनीही न मानवणारी खोली बदलली, कारण त्यांना शक्ती अभ्यासासाठी हवी होती. खोली बदलणं, जेवणाची सोय बदलणं, नको त्या संगतीतून उठणं ही रुळण्याचीच कामं आहेत. रॅगिंगबद्दल तर गप्प बसायचंच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2009 चे नियम आहेत आणि 1800-180-5522 हा क्रमांक त्यासाठीच आहे. उलट दिशेनं काश्मीरची मुलं आपल्याकडे येतात, पुण्यात सरहद संस्थेच्या आधारानं शिकतात, आपला मे महिना सोसतात. त्यांना आपण कसं वागवतो, यावरून आपल्या मुलांनी तिकडं कशाची अपेक्षा करावी हे ठरवायला हरकत नाही.

पालकांची भीती मात्र मी हलकी मानत नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तरकाशीजवळच्या द्रौपदी का दांडा-2 शिखरावर हिमस्खलन झालं आणि नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पंचवीसहून अधिक प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक त्यात गेले. ते रीतसर प्रशिक्षणावर होते. डोंगर तयारी केलेल्यांनाही माफ करत नाही. इथं मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीच्या सुळक्यावरही जीव गेलेले आहेत. म्हणून घरातून निघताना एक करार करावा: एकट्यानं जायचं नाही, हवामानाचा इशारा मोडायचा नाही, गटप्रमुखानं मागं फिरा म्हटलं की वाद घालायचा नाही. हा करार मुलाकडून घ्यायचा आणि मुलीकडूनही तोच. मुलीसाठी वेगळी, जास्त कडक अट घालून तिची निवडच रद्द करणारे पालक मला मान्य नाहीत. कृष्णा पाटील ही महाराष्ट्राची मुलगी 2009 साली एकोणिसाव्या वर्षी एव्हरेस्टवर पोचली होती.

शेवटचा आक्षेप शिक्षकांकडून येऊ शकतो: मुलांना बाहेर पाठवायच्या गोष्टी करता, इथल्या डोंगरांचं काय? हा प्रश्न मला आक्षेपापेक्षा मागणीसारखा वाटतो, आणि ती रास्त आहे. विद्यापीठाला लावलेली कसोटी मनमाडच्या महाविद्यालयालाही लागू आहे. अणकाई-टणकाईचे गड आपल्या डोळ्यांसमोर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर त्यांच्या कड्यांत उघडे दिसतात, टणकाईवर जैन लेणी आहेत, अणकाईच्या माथ्यावर पाण्याची टाकी आणि तळं आहे. ज्या गावाला उन्हाळ्यात नळाच्या पाण्याची वाट बघत दिवस मोजावे लागले आहेत, त्या गावच्या मुलांना गडावरचं पाणी वैशाखात किती उरतं, ते कुठल्या थरात अडतं, हे ठाऊक असायला हवं. प्राचार्य महोदय, माझी एक विनंती आहे. येत्या जूनपासून भूगोल आणि विज्ञान विभागांनी मिळून अणकाईच्या टाक्यांतल्या पाण्याची पातळी आणि पायथ्याचा पाऊस दर महिन्याला नोंदवायला सुरुवात करावी. खर्च पर्जन्यमापकाचा आणि एका नोंदवहीचा. पाच वर्षांची ती वही हातात घेऊन इथला विद्यार्थी श्रीनगरच्या, मंडीच्या किंवा इन्सब्रुकच्या प्रवेशाला उभा राहिला, तर त्याला डोंगराजवळ का यायचंय हे सांगण्यासाठी वेगळा निबंध लिहावा लागणार नाही.