सैनिक विद्यार्थी आणि आरोग्याचा हक्क



अमेरिकेत सैन्यातून परतून कॉलेजात शिकणाऱ्या माजी सैनिकांना औषधोपचार कसा मिळतो, हा माझा आजचा विषय आहे. तो आपल्याला दूरचा वाटेल. परंतु हक्क मंजूर होणे आणि तो पदरात पडणे यांतले अंतर आपल्याला नवे नाही, म्हणून मी तो मुद्दाम निवडला.

२२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'जी. आय. बिल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी त्याखाली शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतले. ज्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथे १९४७ साली मुख्यतः परतलेल्या सैनिकांच्या सोयीसाठी 'स्कूल ऑफ जनरल स्टडीज' सुरू झाले. मात्र दक्षिणेकडील राज्यांत अंमलबजावणी स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिली आणि काळ्या सैनिकांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले. कायदा सर्वांना एकच होता, पण खिडकीमागचा माणूस सर्वांशी सारखा वागत नव्हता.

इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर १ ऑगस्ट २००९ पासून नवा कायदा लागू झाला. ३६ महिन्यांपर्यंत फी, घरभाडे भत्ता आणि पुस्तकांचा खर्च मिळू लागला. फीचा प्रश्न सुटला, पण दुखण्याचे काय?

हा विद्यार्थी वर्गातल्या इतरांपेक्षा वयाने मोठा, बहुधा संसारी. कुणाची पाठ कायमची दुखावलेली, कुणाच्या कानात सतत आवाज, कुणाला स्फोटाने डोक्याला मार बसलेला. कुणाला रात्री झोप नाही. युद्धाच्या आघाताने मनाला होणाऱ्या या आजाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० साली स्थान मिळाले. कॉलेजच्या दवाखान्यातील डॉक्टरांना तापखोकला आणि परीक्षेची धास्ती ठाऊक. रणांगण ठाऊक असतेच असे नाही. माजी सैनिकांचे सरकारी रुग्णालय कित्येकांना दूर पडते. शिवाय शिक्षण आणि उपचार एकाच खात्याकडे असूनही अर्ज मात्र वेगवेगळे. फी मंजूर झाली म्हणजे रुग्णालयात नाव लागले असे नाही. अनेकांना हे कळतच नाही आणि मनाचे दुखणे सांगायला सैनिक लाजतो.

यावर काही चांगले उपाय झाले आहेत. 'व्हायटल' या कार्यक्रमात त्या खात्याचे समुपदेशक स्वतः कॉलेजात येतात. २०१८ च्या कायद्यानुसार साध्या किंवा मानसिक उपचारासाठी सरासरी ३० मिनिटांहून अधिक गाडीप्रवास किंवा २० दिवसांहून अधिक प्रतीक्षा करावी लागत असेल, तर सरकारी खर्चाने बाहेरच्या डॉक्टरकडे जाता येते. २०२२ च्या कायद्याने २००१ नंतरच्या युद्धांत लढलेल्यांना नावनोंदणीसाठी सेवामुक्तीपासून १० वर्षांची मुदत दिली. जानेवारी २०२३ पासून आत्महत्येच्या संकटात सापडलेल्या पात्र माजी सैनिकाला, नोंदणी नसली तरी, तातडीचा उपचार मोफत मिळतो.

मी बँकेत काउंटरवर बसतो. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. फॉर्म लहानसाच, पण कुणी समजावून सांगितले नाही तर माणूस हात हलवीत परत जातो. म्हणून मला वाटते, प्रवेशाच्या दिवशीच "आपण सैन्यात होता का?" असे प्रत्येकाला विचारावे आणि त्याच टेबलावर आरोग्याचाही अर्ज भरून घ्यावा. डॉक्टरांच्या वेळा वर्ग सांभाळून ठेवाव्यात. जुन्या सैनिक विद्यार्थ्याने नव्याचा हात धरून त्याला दवाखान्यापर्यंत न्यावे.

आपल्याकडेही माजी सैनिकांसाठी २००३ पासून ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना आहे. तिच्यातही नाव नोंदवावे लागते. आपल्या वस्तीतील माजी सैनिकाचे कार्ड निघाले आहे की नाही, एवढी चौकशी आपल्यातल्या शिकलेल्या तरुणांनी केली, तरी ते मोठे काम होईल.

 जयभीम!