कोयनेच्या भेगा आणि इपॉक्सी राळ

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयना परिसर भूकंपाने हादरला. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. परंतु वरच्या भागात, जेथे भिंतीच्या पाठीचा उतार एकदम बदलतो तेथे, काँक्रीटला आडव्या भेगा पडल्या. त्या सांधण्यासाठी इपॉक्सी राळ दाबाने आत भरण्यात आली. केसासारख्या बारीक भेगेत सिमेंटचे कण तोंडाशीच अडकतात. पातळ राळ मात्र आतवर झिरपते आणि तेथेच घट्ट होते.

मित्रहो, चिकटद्रव्ये आपल्या कारागिरांना परकी नाहीत. सोनार दागिना लाखेवर बसवून कोरतो आणि काम झाले की लाख तापवून तो सोडवून घेतो. इपॉक्सी मात्र एकदा घट्ट झाली की तापवूनही पुन्हा वितळत नाही. हा फरक तिच्या रेणूंच्या रचनेत आहे.

स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तान आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांनी १९३० नंतरच्या काळात ही राळ स्वतंत्रपणे विकसित केली. एपिक्लोरोहायड्रिन आणि बिस्फेनॉल-ए या रसायनांपासून ती तयार होते. तिच्या रेणूच्या टोकांशी दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन अशा तीन अणूंचे त्रिकोणी कडे असते. कार्बनच्या बंधांना सुमारे १०९ अंशांचा कोन मानवतो. येथे त्यांना ६० अंशांच्या आसपास वाकून राहावे लागते. असे ताणलेले कडे उघडण्यास निमित्तच हवे असते. ते दुसऱ्या डब्यातील ‘हार्डनर’ पुरवितो. त्यातील अमाइन कडे उघडून त्याच्याशी जोडले जाते, आणि रेणूला रेणू गुंफत सर्व दिशांनी जाळे विणले जाते. या क्रियेत पाणी किंवा वायू बाहेर पडत नाही, म्हणून राळ फारशी आकसत नाही. शिवाय कडे उघडताना निर्माण होणारे हायड्रॉक्सिल गट धातू, काच व काँक्रीट यांच्या पृष्ठभागाला धरून बसतात. पॉलिथीनला अशी पकड मिळत नाही. त्यामुळे पाण्याची फुटकी प्लॅस्टिक टाकी इपॉक्सीने सांधण्याचा खटाटोप बहुधा व्यर्थ जातो.

लवकर घट्ट व्हावी म्हणून हार्डनर सढळ हाताने घालण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती सर्वस्वी चुकीची होय. हार्डनर हा येथे विरजणासारखा चिमूटभर घालण्याचा पदार्थ नसून जाळ्याचा अर्धा भागीदार आहे. जास्त झालेला अमाइन तसाच उरतो आणि सांधा कमकुवत करतो. बादलीभर मिश्रण एकदम कालवले तर क्रियेची उष्णता आत कोंडते, मिश्रण धुमसू लागते आणि हाती दगड येतो. ओल, धूळ व तेलकटपणा काढल्याशिवाय काम सुरू करू नये. हातमोजे घालण्याचा आळसही नको, कारण या द्रव्यांनी त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते.

इपॉक्सीवर कोणता भार सोपवावा, हा प्रश्न याहून गंभीर आहे. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात एका बोगद्याच्या छताच्या काँक्रीटच्या लाद्या मोटारीवर कोसळून एक महिला मृत्युमुखी पडली. लाद्या तोलणारे बोल्ट छतात इपॉक्सीने बसविलेले होते. वापरलेली जलद घट्ट होणारी राळ क्षणिक ओढ सहन करू शकत होती. परंतु अखंड लोंबत्या भाराखाली ती सावकाश सरकत गेली. १९९९ मध्ये काही बोल्ट खाली सरकलेले आढळले होते. त्या इशाऱ्यामागचे कारण शोधले गेले नाही.

कोयनेच्या अभियंत्यांनी केवळ राळेवर विसंबून काम संपविले नाही. भेगा सांधल्यानंतर सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले.

शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीस भेग पडली असता इपॉक्सीचे डबे मागविण्यापूर्वी भेग वाढते आहे की थांबली आहे, हे पाहावे. पाया खचत असेल किंवा आतील सळई गंजत असेल, तर राळेच्या शेजारीच नवी भेग उमटेल. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून तीवर तारीख लिहावी आणि निदान एक पावसाळा जाऊ द्यावा. पट्टी तुटली तर अभियंत्यास बोलवावे. पट्टी चिकटविण्यास मात्र चिमूटभर इपॉक्सी उत्तम.