चोथ्याची तजवीज

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी आणि पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या दर्शनासाठी त्र्यंबकेश्वरी जो अपार जनसमुदाय लोटतो, त्याच्या चहाचा, आणि अलीकडे कॉफीचाही, चोथा उकिरड्यावर किंवा गटारात जावा आणि त्यातला काही अंश गोदावरीला तिच्या उगमापाशीच भेटावा, हे मला फार खुपते. कारण त्याच तालुक्यातील डोंगरउतारावरची भात, नागली आणि वरईची जमीन सेंद्रिय द्रव्यासाठी भुकेली आहे. मुसळधार पावसाने तिचा सुपीक थर वाहून जातो. रोपवाटिकेसाठी राब भाजण्याच्या रूढीमागे तणाचे बी नष्ट व्हावे असा सयुक्तिक हेतू असला, तरी शेण आणि पालापाचोळा यांतील बहुतेक नत्र त्या धुरावाटे निघून जाते.

वाळलेल्या शंभर किलो कॉफीच्या चोथ्यात सुमारे दोन किलो नत्र असते आणि चहाच्या चोथ्यात त्याहून काहीसे अधिक. कॉफीचा चोथा जमीन आंबट करतो असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः कॉफीतील आम्लाचा मोठा भाग पाण्याबरोबर पेल्यात उतरलेला असतो. खरी हरकत निराळी आहे. ताज्या चोथ्यातील कॅफीन आणि तत्सम द्रव्ये कोवळ्या मुळांची वाढ रोखतात. तो कुजू लागला की जमिनीतील सूक्ष्म जीव उपलब्ध नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. आणि जाड थराने पसरलेला चोथा वाळला म्हणजे त्याची खपली धरते व तीवरून पाणी नुसते ओघळून जाते. म्हणून तो कच्चा, विशेषतः रोपांच्या वाफ्यात, मुळीच घालू नये.

त्याची जागा खताच्या ढिगात आहे. आपला चहा दूध-साखरेत उकळलेला असल्याने चोथा आधी पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा, नाहीतर मुंग्या, माश्या आणि दुर्गंधी यांचा उपद्रव होतो. आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूर येथे काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी सच्छिद्र विटांची, 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच अशी टाकी प्रचारात आणली, जिला सारा महाराष्ट्र नाडेप या नावाने ओळखतो. हिच्यात शेण थोडेच, सुमारे शंभर किलो, पुरते. ज्याच्या गोठ्यात दोनच जनावरे आहेत त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लाखमोलाची आहे. पालापाचोळा, पेंढा, शेणकाला आणि माती यांच्या थरांत चोथा एकूण घनफळाच्या पंचमांशाहून अधिक होऊ देऊ नये, ओल कायम राखावी, आणि त्र्यंबकच्या पावसाचा जोर लक्षात घेता टाकीवर छप्पर अवश्य घालावे.

नगरपरिषदेने हॉटेलवाल्यांना चोथ्यासाठी निराळे पिंप ठेवण्याची ताकीद द्यावी, आणि सकाळी दूध-भाजी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांतून ती पिंपे गावोगाव पोहोचवण्याचा बंदोबस्त करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तीन-चार महिन्यांनी खत तयार झाले की नाही, याची परीक्षा घरीच करता येते. ते मातीत निम्मे मिसळून एका कुंडीत मेथीचे दाणे टाकावे. दाणे नीट उगवले तर चिखलणीच्या आधी ते खत शेतात पसरावे. उगवण खुंटली तर टाकी झाकून आणखी काही आठवडे तशीच ठेवावी.