आपल्याच जमिनीवर उपरे



घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. घर बांधावयास निघालेल्या माणसाचे कोणते हाल होतात, हें म्युनिसिपालिटीच्या कचेरीचे जिने ज्यानें झिजविले आहेत त्याला सांगावयास नको. परंतु आज मी ज्या लोकांविषयीं बोलणार आहें त्यांना घर बांधावयाचें नसतेंच. त्यांचें घर तयार असतें. त्याला चाकेंही असतात. जमीनही त्यांनीं रोख पैसे मोजून विकत घेतलेली असते. त्यांचें मागणें एवढेंच, कीं आमच्या जमिनीवर आमचें घर उभें राहूं द्या आणि त्यांत आम्हांला सुखानें राहूं द्या. हे लोक म्हणजे इंग्लंडांतील जिप्सी. त्यांचें हें साधें मागणें पुरें होणें इतकें कठीण कां व्हावें, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या लोकांची थोडी ओळख करून घेऊं. 'जिप्सी' हें नांवच मुळीं गैरसमजांतून जन्मलें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं हे सांवळे, फिरस्ते लोक इंग्लंडांत दिसूं लागले, तेव्हां ते ईजिप्तांतून आले असावेत असें तेथील लोकांना वाटलें, आणि 'ईजिप्शियन' या शब्दाचा अपभ्रंश होऊन 'जिप्सी' झालें. ते स्वतःला 'रोमानी' म्हणवितात. त्यांचे पूर्वज सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं हिंदुस्थान सोडून पश्चिमेकडे गेले, असें भाषापंडितांनीं त्यांच्या बोलीवरून निश्चित केलें आहे. त्या बोलींत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाक' आणि कानाला 'कान'. सुरी ती 'चुरी'. मीठ तें 'लोन'. आपल्या लोणच्यांतील लोण तें हेंच. घराला ते 'खेर' म्हणतात, आणि जमिनीला 'फूव'. म्हणजे आपली 'भू'. घर आणि भूमि हे दोन्ही शब्द त्यांनीं हजार वर्षें जिभेवर सांभाळले; वस्तू मात्र त्यांच्या हातीं लागल्या नाहींत.

इंग्लंडांत त्यांचें स्वागत कसें झालें तें कायद्यांच्या पुस्तकांत लिहून ठेविलेलें आहे. १५३० सालच्या कायद्यानें त्यांना देश सोडून जाण्याची आज्ञा झाली. १५५४ च्या कायद्यानें, जो जिप्सी मागें राहील त्याला देहान्त शिक्षेचें भय घातलें. असले कायदे हटूं लागावयास १७८३ साल उजाडावें लागलें. तरीही हे लोक तेथें टिकले, कारण त्यांची गरज होती. केंट परगण्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें खुडावयास, वाटाणे तोडावयास, बटाटे काढावयास शेतकऱ्यांना हंगामापुरते हात हवे असत. हे लोक घोड्यांचा व्यापार करीत, भांड्यांना डाग देत, कपडे वाळत घालण्याचे लांकडी चिमटे करून दारोदार विकीत. रात्रीं गाडी गायरानावर किंवा रस्त्याच्या कडेला सोडावयाची, आणि काम संपलें कीं पुढें चालावयाचें, असा त्यांचा शतकानुशतकें चाललेला क्रम होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा क्रम तुटला. शेतांवर यंत्रें आलीं व हंगामाचें काम आटलें. १९४७ सालीं नगररचनेचा मोठा कायदा झाला. त्याचें तत्त्व असें, कीं जमीन कोणाच्याही मालकीची असो, तिचा उपयोग बदलावयाचा असेल तर स्थानिक कौंसिलाची परवानगी घेतली पाहिजे. शेत नांगरावयास परवानगी नको. परंतु त्याच शेतांत चाकांवरचें घर उभें करून त्यांत राहणें, हें उपयोग बदलणें होय. हा कायदा दुष्ट बुद्धीनें केलेला नव्हता, हें मी मुद्दाम सांगतों. शहरें अस्ताव्यस्त पसरून खेडीं गिळूं लागलीं होतीं. त्यांना आवर घालण्यासाठीं शहरांभोंवतीं 'हरित पट्टे' राखून ठेवणें इष्टच होतें. आपल्या शहरांभोंवतालच्या टेंकड्यांची आज काय दशा झाली आहे ती ज्यानें पाहिली आहे, तो या कायद्याला नांवें ठेवणार नाहीं.

पुढें १९६० सालीं दुसरा कायदा आला. त्यानें परवान्यावांचून असा तळ ठेवण्यास मनाई केली, आणि गायरानें या गाड्यांना बंद करण्याचा अधिकार कौंसिलांना दिला. जुने मुक्काम एकामागून एक बंद झाले. लोक रस्त्यावर आले, तंटे वाढले, तेव्हां १९६८ सालीं पार्लमेंटानें तिसरा कायदा करून जिप्सींसाठीं तळ बांधण्याचें कर्तव्य कौंसिलांवर टाकलें. कांहीं कौंसिलांनीं तें पाळलें, कांहींनीं वर्षानुवर्षें टाळलें. जे तळ झाले त्यांतील पुष्कळ मैलापाण्याच्या कारखान्याशेजारीं, कचऱ्याच्या उकिरड्याजवळ किंवा हमरस्त्याच्या पुलाखालीं झाले. अखेर १९९४ सालीं सरकारनें तें कर्तव्यही काढून घेतलें, वाटेवर थांबणाऱ्यांना हुसकावण्याचे अधिकार वाढविले, आणि जिप्सींना उपदेश केला, कीं तुम्ही आपली जमीन आपण विकत घ्या व रीतसर परवानगी मागा.

उपदेश ठीक होता. तो ऐकणाऱ्या एका कुटुंबाचें काय होतें, तें आतां पाहूं. हें कुटुंब कल्पनेंतलें आहे, पण त्याच्यासारखीं शेंकडों खरीं आहेत. बाप झाडें तोडण्याचें व अंगणांत फरशी घालण्याचें काम करतो. आई आहे, तीन मुलें आहेत, दम्यानें आजारी आजी आहे. काटकसर करून त्यांनीं पैसे सांठविले. घरासाठीं मंजूर झालेल्या जमिनीचा भाव त्यांच्या आवाक्याच्या कितीतरी पलीकडचा. म्हणून घोडे चरावयाचा एखाद्या एकराचा तुकडा ते घेतात, आणि तो बहुधा हरित पट्ट्यांतच निघतो. अर्ज करतात: एक राहतें घर, एक फिरती गाडी, आणि स्वयंपाक-धुण्यासाठीं एक छोटी खोली. ही खोली कशाला, असें तेथील लोक विचारतात. उत्तर आपल्या आजीबाईंना चटकन समजेल. जुन्या वळणाच्या जिप्सींमध्यें सोंवळें-ओंवळें कडक आहे. ज्या भांड्यांत अंग धुतलें त्यांत जेवणाचीं ताटें विसळावयाचीं नाहींत. शौचकूप राहत्या जागेंत असावयाचें नाहीं.

अर्जाची नोटीस लागते आणि गांवांत खळबळ उडते. हरकतींचीं पत्रें येऊं लागतात. रस्त्याच्या वळणावर गाडी बाहेर काढतांना अपघात होईल, सांडपाणी ओढ्यांत जाईल, माळाची मोकळीक जाईल. यांतील कांहीं हरकती खऱ्या असतात, आणि त्यांचा विचार झालाच पाहिजे. कांहींच्या आड मात्र निराळीच गोष्ट दडलेली असते: आमच्या शेजारीं ते लोक नकोत. गांवकऱ्यांचाही एक राग समजण्यासारखा आहे. कांहीं कुटुंबें सुटीच्या दिवसांत, कौंसिलाची कचेरी बंद असतां, रातोरात खडी टाकून गाड्या उभ्या करतात आणि मग अर्ज करतात. नियम पाळून दोन वर्षें वाट पाहणाऱ्या शेजाऱ्याला तें कां आवडावें? २०१५ सालापासून अशी जाणूनबुजून केलेली आगळीक अर्जदाराच्या विरुद्ध धरली जाते. परंतु मध्यंतरीं त्या कुटुंबानें राहावयाचें कोठें, याचें उत्तर नियमांत नसतें.

कौंसिलानें नकार दिला कीं अपील होतें. सरकारनें नेमलेला इन्स्पेक्टर येतो, जागा पाहतो, दोन्ही बाजू ऐकतो. एका पारड्यांत हरित पट्ट्याची हानि; दुसऱ्यांत त्या भागांतील तळांची टंचाई, आजीचें दुखणें, मुलांची शाळा. कधीं कायमची परवानगी मिळते, कधीं कांहीं वर्षांपुरती मिळते, कधीं नकार कायम होतो. पुढें सरकारच्या मंत्र्यानें हरित पट्ट्यांतील जिप्सींचीं अपिलें इन्स्पेक्टरच्या हातून काढून सर्रास आपल्याकडे घेण्यास आरंभ केला. तें भेदभावाचें व बेकायदेशीर आहे असा निकाल हायकोर्टानें जानेवारी २०१५ मध्यें दिला.

कांहीं कुटुंबें थेट स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलीं. केंब्रिजजवळच्या एका मातेचा दावा १९९६ सालीं फेटाळला गेला. हर्टफर्डशर परगण्यांतील एका स्त्रीनें १९८५ सालीं जमीन घेतली होती. स्वतःच्या जमिनीवर राहिल्याबद्दल तिला दंड झाला. त्या भागांत जिप्सींसाठीं एकही सरकारी तळ नव्हता. जानेवारी २००१ मध्यें निकाल लागला: १० न्यायाधीश तिच्या विरुद्ध, ७ तिच्या बाजूनें. ती हरली, तरी चाकांवरच्या घरांत राहणें हा जिप्सींच्या अस्मितेचाच भाग आहे आणि त्यांच्या जीवनक्रमाला वाव देण्याचें दायित्व राष्ट्रावर आहे, असें त्याच निकालांत न्यायालयानें मान्य केलें. तत्त्व पदरांत पडलें, जागा पडली नाहीं.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. जिप्सी म्हणून तळाची परवानगी मागावयाची तर प्रथम आपण जिप्सी आहों असें सिद्ध करावें लागतें. म्हातारपण, आजार किंवा मुलांचें शिक्षण यांमुळें ज्यांनीं फिरणें कायमचें सोडलें, त्यांनाही पूर्वीं जिप्सी मानीत. ऑगस्ट २०१५ मध्यें सरकारनें ही व्याख्या बदलली: ज्यानें फिरणें कायमचें थांबविलें तो परवानगीपुरता जिप्सी नव्हे. म्हणजे एके जागीं राहण्याची परवानगी मिळविण्यासाठीं, आपण एके जागीं राहत नाहीं, हें दाखवावयाचें! दम्यानें खिळलेली आजी व्याख्येबाहेर गेली. ही व्याख्या वृद्धांवर व अपंगांवर अन्याय करणारी आहे असें अपील कोर्टानें ऑक्टोबर २०२२ मध्यें म्हटलें, आणि डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें ती मागें घेतली. त्याच २०२२ सालीं दुसऱ्या एका कायद्यानें, परवानगीवांचून परक्या जमिनीवर गाडी घेऊन राहणाऱ्यास, निघून जा असें सांगितल्यावरही न निघाल्यास, गुन्हेगार ठरविलें. परक्याच्या जमिनीवर राहिलें तर गुन्हा. स्वतःच्या जमिनीवर राहिलें तर दंड.

एसेक्स परगण्यांत डेल फार्म नांवाची जागा होती. मोडीत निघालेल्या मोटारींचें जुनें आवार तें. तेथें आयरिश फिरस्त्यांनीं जमीन घेतली होती. हे लोक रोमानी नव्हत, पण त्यांचें दुखणें तेंच. आवाराच्या एका भागाला परवानगी होती, दुसऱ्याला नव्हती. दहा वर्षांच्या झगड्यानंतर १९ ऑक्टोबर २०११ रोजीं पोलीस आंत शिरले आणि सुमारें ८० कुटुंबें हलविण्यांत आलीं. या सगळ्याला कोट्यवधि रुपयांचा खर्च आला. त्यांतील कित्येक कुटुंबें गेलीं कोठें? जवळच्याच रस्त्याच्या कडेला.

२०२१ च्या शिरगणतींत इंग्लंड व वेल्समध्यें सुमारें ७१,००० लोकांनीं आपली जात जिप्सी किंवा आयरिश फिरस्ता अशी लिहविली. साठ कोटींच्या नव्हे, सहा कोटींच्या देशांत ही संख्या ती केवढी! एवढ्या लोकांना पुरेशी जमीन त्या देशांत नाहीं, असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. अडचण जमिनीची नाहीं, शेजाराची आहे.

मी आयुष्यभर शाळामास्तर होतों, म्हणून या विषयांतील एका गोष्टीकडे माझें मन पुनःपुन्हां जातें: मुलांच्या शाळेकडे. इंग्लंडांत १९०८ च्या कायद्यानें फिरस्त्यांच्या मुलांना ऑक्टोबर ते मार्च या काळांत २०० अर्ध्या दिवसांची हजेरी पुरेशी मानली होती. सवलत दयेची होती, पण तिचा अर्थ असाही होता, कीं या मुलांकडून याहून अधिक अपेक्षा नाहीं. आज हे आईबाप जमीन मागतात तें बहुधा याचसाठीं, कीं मूल एका शाळेंत टिकावें.

दुसऱ्यांना नांवें ठेवतांना स्वतःकडेही पाहिलें पाहिजे. माझ्या शाळेजवळच्या माळावर हिवाळ्यांत वैदूंचीं पालें पडत. त्यांतील एक मुलगा एके वर्षीं वर्गांत येऊं लागला. तीस पर्यंतचे पाढे त्यानें तीन महिन्यांत पाठ केले. हजेरीपटांत पत्त्याच्या रकान्यांत काय लिहावें हें मला सुचेना. मीं 'फिरस्ता' असें लिहिलें. पुढें पालें उठलीं, आणि गैरहजेरीचे दिवस भरतांच मीं नियमाप्रमाणें त्याच्या नांवावर तांबडी रेघ ओढली. दुसऱ्या वर्षीं माळाला कुंपण पडलें होतें. पालें आलीं नाहींत. मीं नियम मोडला नाहीं. परंतु ती रेघ ओढतांना माझा हात क्षणभरही थांबला नाहीं, ही गोष्ट आतां मला टोंचते. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें आपल्याकडील कित्येक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविलें. १९५२ सालीं स्वतंत्र हिंदुस्थानानें तो कायदा रद्द केला. कायदा गेला, पण गांवाबाहेर पाल दिसलें कीं आपली नजर अजून बदलते.

हरित पट्टे राहावेत, नियम राहावेत, गांवकऱ्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें. यांत वाद नाहीं. परंतु ज्या कचेरीला 'येथें नाहीं' असें सांगण्याचा अधिकार आहे, तिच्यावर 'मग तेथें' असें सांगण्याचेंही बंधन असलें पाहिजे. नाहीं तर तो नियम राहत नाहीं. ती हद्दपारी होते. ज्याला घर आहे, जमीन आहे आणि शाळेंत जाणारें मूल आहे, त्याच्या अर्जावर पत्त्याचा रकाना कोरा राहूं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.