खाणीचे स्वामित्वधन आणि खाणीकाठचे गाव : जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढील व्याख्यानाचा मजकूर)



स्थानिक विकासाच्या निधीचा अभ्यास सहसा पंचायती, नगरपालिका आणि वित्त आयोगाची अनुदाने एवढ्यावर थांबतो. या संस्थांना मिळणारा बराचसा पैसा वरून खाली येतो. कर केंद्राच्या वा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो, विधिमंडळ त्याच्या विनियोगास मान्यता देते आणि मग तो हप्त्याहप्त्याने गावापर्यंत पोहोचतो. याला एक ठळक अपवाद आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा पैसा जिल्ह्यातच उत्पन्न होतो, जिल्ह्यातच जमा होतो आणि कायद्यानुसार तेथेच खर्च व्हावयाचा असतो.

खाणी आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ मध्ये २०१५ साली दुरुस्ती होऊन कलम ९ ख समाविष्ट झाले. खाणकामाने बाधित झालेल्या प्रत्येक जिल्ह्यात राज्य शासनाने ना-नफा तत्त्वावरील न्यास स्थापन करावा, असे हे कलम सांगते. न्यासाचा उद्देशही कलमातच नमूद आहे : खाणकामामुळे बाधित व्यक्ती आणि बाधित क्षेत्र यांचे हित. येथे ‘जिल्ह्याचा सर्वसाधारण विकास’ असे शब्द नाहीत, हे ध्यानात ठेवावे. पुढचे बहुतेक वाद या एका फरकातून उद्भवतात.

निधी येतो तो खाणपट्टाधारकाकडून. राज्य शासनाला तो जे स्वामित्वधन देतो, त्याच्या ठरावीक टक्के रक्कम त्याला प्रतिष्ठानात वेगळी भरावी लागते. कायद्याने तिची कमाल मर्यादा स्वामित्वधनाच्या एक तृतीयांश इतकी ठेवली आहे. सप्टेंबर २०१५ च्या अधिसूचनेने प्रत्यक्ष दर ठरले. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या पट्ट्यांना ३० टक्के आणि त्या दिवशी वा त्यानंतर दिलेल्या पट्ट्यांना १० टक्के. उदाहरणादाखल, लोहखनिजाची सरासरी विक्री किंमत टनाला ४,००० रुपये धरली, तर १५ टक्के दराने स्वामित्वधन ६०० रुपये होते. जुन्या पट्ट्यातून प्रतिष्ठानाला टनामागे १८० रुपये मिळतील, नव्या पट्ट्यातून केवळ ६० रुपये.

हा फरक का? नवे पट्टे लिलावाने दिले जातात आणि बोली जिंकणारा राज्याला स्वामित्वधनाखेरीज अधिमूल्यही देतो. त्याच्यावर आणखी भार नको, हा युक्तिवाद पट्टाधारकाच्या बाजूने पाहता रास्त आहे. परंतु अधिमूल्य राज्याच्या तिजोरीत जाते आणि अंशदान जिल्ह्याच्या न्यासात. जुन्या पट्ट्याची मुदत संपून त्याच टेकडीचा लिलाव झाला, की उत्खनन तेवढेच, धूळ तेवढीच, मालमोटारींची रांगही तेवढीच. मात्र प्रतिष्ठानाची टनामागची प्राप्ती एक तृतीयांशावर येते. राज्याचे उत्पन्न वाढते तेव्हाच खाणीकाठच्या गावाच्या हक्काचा निधी आटतो. हे प्रत्यक्ष घडले आहे. खुल्या विक्रीसाठी खनिज काढणाऱ्या खासगी पट्ट्यांपैकी बऱ्याच पट्ट्यांची मुदत ३१ मार्च २०२० रोजी संपली. देशात सर्वाधिक प्रतिष्ठान-निधी जमा करणारा ओडिशातील केओंझर जिल्हा लोहखनिजाचाच आहे आणि त्या सुमारास ओडिशाने लोहखनिजाच्या अनेक खाणींचे लिलाव केले.

जमा निधीचा एकूण आकडा मोठा आहे. २०२५ पर्यंत देशभरातील जमा एक लाख कोटी रुपयांपलीकडे गेली. पण ही सरासरीने मोजण्याची गोष्ट नव्हे. ओडिशा, छत्तीसगड, झारखंड यांतील मोजक्या जिल्ह्यांत निधीचा ढीग साचतो, तर केवळ वाळू-मुरुमाच्या जिल्ह्यांत तो नाममात्र असतो. महाराष्ट्रात चंद्रपूरसारखा कोळशाचा जिल्हा आणि खनिज नसलेला शेजारचा जिल्हा यांतील अंतरही असेच.

खर्चाची दिशा प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेने २०१५ मध्ये आखून दिली. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण, स्वच्छता, महिला व बालकल्याण, कौशल्य विकास अशा उच्च अग्रक्रमाच्या बाबींवर किमान ६० टक्के. रस्ते, पूल, सिंचन, ऊर्जा यांवर उर्वरित रक्कम. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ६० चे ७० टक्के केले. खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा प्रदेश प्रत्यक्ष बाधित आणि २५ किलोमीटरपर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित, असेही निश्चित केले. प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. परीक्षेसाठी हे आकडे पाठ करावेत. मात्र निधी गावापर्यंत पोहोचतो की नाही, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

ते उत्तर निर्णय कोण घेतो यात आहे. प्रतिष्ठानाचा निधी ३१ मार्चला व्यपगत होत नाही आणि त्याच्या विनियोगास विधानसभेची पूर्वमान्यता लागत नाही. वार्षिक अहवाल मात्र विधानसभेपुढे ठेवावा लागतो. अशा सुट्या पैशाकडे सर्वांचेच लक्ष जाते. झारखंडने आरंभीच्या काळात निधीचा मोठा भाग पेयजल आणि स्वच्छतागृहांकडे वळवला. हेतू चांगला होता, तरी निवड राज्याची होती, गावाची नव्हे. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी शिल्लक निधीच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम वापरण्याची मुभा देण्यात आली. अखेर जुलै २०२१ मध्ये केंद्राने स्पष्ट आदेश दिला, की या निधीतील खर्चास राज्य स्तरावर मंजुरी देता येणार नाही. त्याच वर्षी खासदारांनाही नियामक परिषदेत स्थान मिळाले.

ग्रामसभेचे स्थान कागदावर भक्कम आहे. अनुसूचित क्षेत्रांत आराखड्याला तिची मान्यता लागते आणि वर्षाअखेर झालेल्या कामांचा अहवाल तिच्यापुढे ठेवावा लागतो. व्यवहारात आराखडा जिल्हाधिकारी कार्यालयात सिद्ध होतो, खात्यांकडून आधीच तयार असलेली अंदाजपत्रके मागवली जातात, आणि तयार अंदाजपत्रक बहुधा इमारतीचे वा रस्त्याचे असते. फुफ्फुसाच्या आजाराच्या नियमित तपासणीचे अंदाजपत्रक कोणाच्या कपाटात तयार नसते. बाधित व्यक्तींची यादीच झालेली नसेल, तर पैसा व्यक्तीकडे न जाता ठेकेदारामार्फत बांधकामाकडे वळतो. म्हणूनच २०२४ च्या सूचनांतील पायाभूत सर्वेक्षणाची व त्यावर आधारित पंचवार्षिक आराखड्याची अट टक्केवारीच्या बदलापेक्षा अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. वर्षाला १० कोटी रुपये वा अधिक जमा करणाऱ्या प्रतिष्ठानांना १० टक्क्यांपर्यंत रक्कम कायमनिधीत ठेवण्याची सोयही त्यांत आहे. खाण संपल्यावर गावाच्या हाती काही उरावे, हा तिचा हेतू.

याच विषयाला लागून एक निर्णय अभ्यासावा. झारखंडमधील खनिज क्षेत्र विकास प्राधिकरण विरुद्ध भारतीय पोलाद प्राधिकरण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने २५ जुलै २०२४ रोजी ८ विरुद्ध १ मताने ठरवले, की स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिजयुक्त जमिनीवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे. १ एप्रिल २००५ पासूनच्या मागण्यांची वसुली १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांत विभागून करावी, असे ऑगस्टमध्ये सांगितले गेले. हा पैसाही राज्याकडे जाणारा आहे. त्यातील किती जिल्ह्याला द्यावयाचा, हे ज्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहील.

स्वतःच्या कारखान्यासाठी खनिज काढणाऱ्या अनेक खासगी पट्ट्यांची मुदत ३१ मार्च २०३० रोजी संपते. कोळसा आणि सरकारी कंपन्यांचे पट्टे या तरतुदीबाहेर आहेत. बाकीच्या ठिकाणी लिलावानंतर ३० टक्क्यांचे १० टक्के होतील, आणि सध्याच्या पंचवार्षिक आराखड्यांतील जमेच्या रकान्यात ती घट आजच धरावी लागणार आहे.